बिनपाल्याची बरणी

माझ्या ताईचं नाक पेणला आमच्या आळीत प्रसिद्ध होतं. कुणाचं तूप कढतंय, कुणाची डाळ खाली लागलीय, कुणी सुकट भाजायला घेतलीय, हे ती आपल्या ओट्यावर बसून सांगायची आणि वर "तिला सांगा, गॅस बारीक कर" असा निरोपही धाडायची. लोक हसायचे, पण गॅस बारीक करायचे. वाण्याकडे खोबरं घ्यायला गेली की तो बिचारा तिने तोंड उघडायच्या आतच म्हणायचा, "ताई, हे नको, आतल्या पोत्यातलं देतो." समोरचं खोबरं चांगलं असलं तरीसुद्धा.

माझं नाक मात्र नुसतं चष्मा टेकवायला आहे. रोह्याजवळच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत माझं निम्मं आयुष्य गेलं. तिथे दिवसभर ज्या बाटल्यांची बुचं उघडावी लागतात त्यांनी नाकाची धार केव्हाच बोथट केली. मला फोडणी जळाल्याचं धुरावरून कळतं. सुट्टीला मी पेणला गेले की ताई दारातच अडवायची. "आधी मोरीत जा. कंपनी धुऊन ये, मग बोल." मी चिडायचे. मी जात्याच तापट, आणि एसटीत नागोठण्यापर्यंत उभं राहून आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी साबण विचारणं मला मुळीच पटायचं नाही. पण तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही. मोरीतून बाहेर आले की ती मानेपाशी एकदा हुंगायची आणि मगच चहा टाकायची.

भावोजी धरमतरला बार्जवर कामाला होते. एका सकाळी कामावर निघताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले. मूलबाळ नव्हतं. मी म्हटलं, रोह्याला माझ्याकडे ये. ती म्हणाली, "तुझ्याकडं येऊन काय करू, तुझ्या हातचं खाऊ?" तो विषय तिथेच संपला. त्यानंतर तिने चटणीचं मनावर घेतलं. सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली लाल चटणी ती आधीपासून करायची, पण घरापुरती आणि मागणाऱ्यांपुरती. आता ती बरण्या भरून दुकानात ठेवू लागली. शेजारच्या चाचीचा मुलगा कतारला आहे. तो सुट्टीवरून परत निघाला की त्याच्या बॅगेत सुका जवळा, घरचे मसाले आणि ताईच्या बरण्या जायच्या. तिथे त्याच्या खोलीतली मुलं भाकरी मिळत नाही म्हणून पावाला लावून खायची, असं चाची कौतुकाने सांगायची.

ताईची एक रीत होती. झाकण लावण्याआधी प्रत्येक बरणीतली चिमूटभर चटणी डाव्या तळव्यावर घ्यायची, अंगठ्याने रगडून जरा ऊब आणायची, डोळे मिटून वास घ्यायचा आणि मग जिभेच्या टोकाला लावायची. खोबऱ्याचं तेल जरा जरी बिघडलेलं असलं तरी ते उबेला लगेच चुगली करतं. मग ती "खवट" एवढाच शब्द उच्चारायची आणि अख्खी खेप बाजूला व्हायची. त्यावर अपील नव्हतं.

आमच्याकडच्या पावसाळी हवेत सुक्या खोबऱ्याचा टिकाव कितीसा लागणार? आषाढात भिंतींना ओल येते, मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही. चटणी थोड्याच दिवसांत खवट व्हायची आणि ताईचा धंदा दर पावसाळ्यात बसायचा. मी सुचवलं, की बाजारात तेल टिकवायची पावडर मिळते, चिमूटभर घाल, कंपन्या घालतातच. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी भावोजींच्या ताटात घालायला सांगत होते. "मी जेवणात घालीन ते माज्या परड्यातलं आसंल. नायतर नाय."

परड्यात कढीपत्ता होता, पेरू होता आणि कुंपणाला शेवगा. त्यावरून मला आठवलं, की पानांच्या अर्काने तेल टिकतं हे मी कुठेतरी वाचलं होतं. मग हट्टाला पेटून सगळं काढून वाचलं. त्यातलं ताईला समजावलं ते असं: तेल हवेशी भांडतं आणि भांडून भांडून नासतं. काही पानांत अशी द्रव्यं असतात, की ती मध्ये पडून तो मार आधी स्वतःवर घेतात. घरातली थोरली मुलगी जशी धाकटीच्या वाटचा ओरडा खाते, तसं. ताई म्हणाली, "मंग आता मी काय नवीन शिकू यात?" आणि पेरूचा पाला कशाला, तिने विचारलं. तो जंतूंना आणि बुरशीलाही आवरतो, मी म्हटलं. पोट बिघडल्यावर आई त्याचाच काढा पाजायची, हे तिलाही आठवलं. तरी "पेरूचा पाला शेळीला घालतात" असं तिचं पालुपद बरेच दिवस चाललं.

ते दिवस फार चांगले गेले. शनिवारी मी पेणला पोचायचे, मोरीत जाऊन यायचे, आणि आम्ही दोघी कामाला लागायचो. पाला धुऊन सावलीत वाळवायचा, चुरायचा, गरम पाण्यात भिजत ठेवायचा, पातळ फडक्यातून पिळून घ्यायचा. मग उकळत्या पातेल्यावर ताट ठेवून त्यात तो रस हळूहळू आटवायचा. शेवटी ताटाला काळपट खरवड धरते, ती वाळवून मिठाबरोबर वाटायची आणि चटणीत घालायची. शेवग्याने चटणीला गवताचा वास येतो, असं ताईने पहिल्याच चिमटीत सांगितलं. नुसत्या पेरूने तुरट लागली. कढीपत्ता मात्र मुळात घरचाच, तो चटणीत मुकाट्याने बसला. शेवटी पुष्कळ कढीपत्ता आणि चवीला कळणार नाही इतका पेरू, यावर आमचं एकमत झालं. दोन बहिणींचं एकमत व्हायला परडं लागलं, असं चाची म्हणाली.

मी शिस्तीने वागले होते. पाल्याची एक बरणी आणि बिनपाल्याची एक, दोन्ही एकाच खोबऱ्याच्या, एकाच फळीवर. पावसाळा मध्यावर आला तेव्हा ताईने बिनपाल्याची चटणी तळव्यावर रगडली आणि तोंड वेंगाडलं. "खवट." मग पाल्याची घेतली, वास घेतला, पुन्हा घेतला. "ही बरी हाय गो." तिचा चेहरा मला अजून दिसतो. भावोजी गेल्यापासून तिच्या तोंडावर मी तसं काही पाहिलं नव्हतं. तिने उठून परड्यात जाऊन कढीपत्त्याच्या बुंध्यापाशी तांब्याभर पाणी ओतलं, धो धो पावसात.

पुढच्या वर्षी आम्ही बिनपाल्याची बरणी ठेवलीच नाही. जे सिद्ध झालं ते पुन्हा कशाला करायचं, चटणी फुकट का घालवायची? प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभं-आडवं झापलं असतं. पण घरात आपण प्रयोग करत नसतो, आपण खूश असतो.

आणि खूश व्हायला कारणही होतं. पाल्याची चटणी टिकायची, टिकायची आणि टिकतच राहायची. मी फोनवर विचारायचे, "जुनी खेप कशी आहे?" ती म्हणायची, "बरी हाय." पुन्हा विचारलं तरी "बरी हाय." पहिल्या वर्षी नारळीपौर्णिमेपर्यंत टिकली होती, आता दिवाळीपर्यंत जाऊ लागली. ताईचा हात बसलाय, अर्क आणखी दाट निघतोय, अशी कारणं माझी मीच शोधली. कंपनीत दोघीचौघींना मी अभिमानाने सांगितलंसुद्धा.

त्याच सुमारास ताई निवळली, असंही मला वाटायला लागलं. मी दारात आले तर ती मोरीत पाठवेनाशी झाली. "ये, बस," म्हणायची आणि चहा टाकायची. आळीत निरोप धाडणं बंद झालं. वाण्याकडून येईल ते खोबरं ती घेऊ लागली. बरण्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवरचं तिचं अक्षर बारीक बारीक होत चाललं होतं, शेवटचा शब्द तर मुंगीएवढा. मी चिडवलं, "ताई, शाई महाग झाली का?" ती म्हणाली, "हात आखडतो जरा. लसूण सोलून सोलून." चालतानाही ती पाय थोडे घासत चालायची. म्हटलं, वय झालं. एकूण मला बरंच वाटत होतं. दारातला साबण गेला आणि बहीण मऊ झाली, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं?

चाचीने मला एकदा गल्लीच्या तोंडाशीच गाठलं. एसटी स्टँडवरून मी चालत येत होते. ती पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी राहिली. मग म्हणाली, "बुरा मानू नको. पोरगा बोलतो, आता चटणी नको पाठवू. मागच्या दोन्ही खेपेला खवट निघाली. खोलीतल्या पोरांनी फेकली." मी तिथेच तडकले. मुलगा बॅग उन्हात ठेवत असेल, तिकडे उकाडा काय कमी असतो, असं काहीबाही बोलले. चाची ऐकून घेत होती. शेवटी हळूच म्हणाली, "माज्या घरची पण तशीच हाय गो. मी तिला नाय बोलली. तिला कसं बोलू? तिचं नाक."

मी घरी गेले. मी फळीवरची जुनी बरणी उघडली, पण माझ्या नाकाला लसणापुढे काही कळेना. तेव्हा ताईला न सांगता थोडी चटणी बांधून रोह्याला नेली आणि साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत तिचं तेल काढून तपासलं. तेल किती नासलंय ते कळायची साधी चाचणी असते. निळा रंग जाईपर्यंत त्यात एक द्रावण थेंब थेंब सोडत राहायचं. चांगल्या तेलाचा रंग लगेच जातो. माझा जाईना. मी पुन्हा केली, तरी तेच.

पुढच्या शनिवारी मी माझ्याच घरातली एक बरणी पेणला नेली. बिनपाल्याची. पहिल्या वर्षीची, आठवण म्हणून तेव्हा रोह्याला नेऊन मुद्दाम कपाटात ठेवलेली. तिचं झाकण उघडल्यावर माझ्याही नाकाला झटका बसला, इतकी ती नासली होती. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. मी ती ताईपुढे ठेवली आणि म्हटलं, "ही बघ गं जरा."

तिने चिमूट घेतली. तळव्यावर ठेवली, अंगठ्याने रगडली. अंगठा थोडा थरथरत होता. डोळे मिटून तिने वास घेतला, जिभेला लावली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, तोंड वेंगाड. ताई, तोंड वेंगाड. तिने डोळे उघडले.

"बरी हाय," ती म्हणाली. "पाला चांगला लागलाय हिला."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण चांगलं सांगितलं नसणार. हळू बोलणं मला जमत नाही. ताई आधी भडकली. "कंपनीत सडलेलं तुझं नाक, आन् तू मला वास शिकवतीस?" मग उठून आत गेली. मी मागोमाग गेले. तिने हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. झाकण लावलं. सुक्या बोंबलांचा डबा उघडला, त्यात तोंडच घातलं. मग खिडकीतली रॉकेलची बाटली काढली. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. बाटलीचं बूच तिला लवकर बसवता येईना, म्हणून मी बसवलं.

"मला वाटलं पाल्यानं वास मारला," ती म्हणाली. "चटणीचा, घरातला, सगळ्याचाच. मला वाटलं, गुण हाय त्याचा."

पनवेलच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, कागदावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. खाली येता येता अक्षर मुंगीएवढं झालं. कंपवात, ते म्हणाले. मग त्यांनी वासाबद्दल विचारलं आणि ताईने खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. पुष्कळदा वास आधी जातो, हात थरथरायच्या कितीतरी आधी, कुणाच्या लक्षातही येत नाही. हात आखडतोय तो गोळ्यांनी जरा सैल होईल. नाकाचं काही करता येणार नाही. ताईने विचारलं, "जरा पन नाय?" ते म्हणाले, "नाही, आजी." आजी म्हटल्याचा राग यायला तिला एरवी क्षण लागला नसता. त्या दिवशी तिने नुसती पिशवी काखेला मारली.

चटणी बंद झाली. दुकानांतल्या बरण्या मी परत आणल्या आणि परड्यात खड्डा करून पुरल्या. मी म्हटलं, तू करत जा, मी दर शनिवारी नमुना नेऊन तपासत जाईन, पाला खरंच काम करतो, पहिल्या वर्षी तुझ्याच नाकाने सांगितलं होतं ना? सगळं खरं होतं. नारळीपौर्णिमेपर्यंत तरी तो पाला तेल नक्की राखत होता. ताई म्हणाली, "जे मला कळत नाय ते मी लोकांना खायाला घालू?" त्यावरही अपील नव्हतं. चाची मुलाच्या हातून खजूर आला की अर्धा आणून देते आणि जास्त वेळ बसते. कतारचा विषय ती काढत नाही.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते जेवणाचं. शनिवारी-रविवारी ताई आता माझ्या हातचं निमूट खाते. आमटी अळणी झाली तरी खाते, करपली तरी खाते. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "करपलीय ना?" ती म्हणाली, "आसंल." तिने नावं ठेवावीत म्हणून मी देवाला काही बोललेय, ते इथे लिहीत नाही.

गेल्या महिन्यात तिची ट्रंक आवरायला घेतली. तिला बाहेर ओट्यावर बसवलं होतं, पण ती भिंतीला धरून धरून आत आली. मी भावोजींची गोधडी बाहेर काढली होती, ती तिने माझ्या हातातून घेतली आणि खाटेवर बसली. भावोजी गेल्यापासून ही गोधडी धुतली नव्हती, हे मला माहीत होतं. बार्जवरचं डिझेल, तंबाखू, डोक्याचं तेल, असा सगळा त्यांचा वास तिला होता. ताई कधीमधी ट्रंक उघडून बसायची, हेही मला माहीत होतं. मी कधी विचारलं नव्हतं. आता गोधडीचा रंग उजळलेला दिसला, टाके सुटलेले दिसले. धुतलेली होती.

"तू धुतलीस?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी. चटणी टिकाया लागली ना, त्या साली. ट्रंक उघडली तर वास यीना. किती बी तोंड घातलं तरी यीना. म्हटलं, इतकी वर्सं झाली, गेला आसंल. मान्साचा पन जातो येक दिवस. मंग कशाला ठेवायची मळकी? सोडा घालून गरम पान्यात घातली. हातानं चोळली गो मी, चांगली चोळली."

मी तिच्याशेजारी बसले. ती गोधडीच्या एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होती, रगडत होती, आणि अंगठा थरथरत होता.

"वास गेला नव्हता," ती म्हणाली. "तो व्हता. मीच धुतला."

तिने तो कोपरा माझ्यापुढे धरला. मी तोंड खुपसून वास घेतला, पुन्हा घेतला. मला साबणाचासुद्धा आला नाही. मी काय बोलणार याची ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण तिच्यापुढे मला ते कधीच जमलेलं नाही.

"मला काही येत नाही, ताई," मी म्हटलं.

"तुला कुठं काय येतं," ती म्हणाली. "आसंल आजून." आणि तिने गोधडीची घडी घातली, सावकाश, कारण तिचे हात आता सावकाशच चालतात, आणि ती मांडीवर घेऊन बसून राहिली.